गोदाम रिकामं, काटाघर तुडुंब

होस्टेलच्या स्टोरेज बॉक्समध्ये निम्मी जागा मोकळी असते आणि तरीही स्क्रीनवर येतं, 'डिस्क भरली आहे'. लॉगिन होत नाही, फाइल सेव्ह होत नाही. सबमिशनच्या आठवड्यात हे रडगाणं ठरलेलं, आणि त्यावरचे उपायही ठरलेले. एक, कुणाचे तरी सिनेमे उडवा. दोन, वरती अर्ज करून नवी हार्ड डिस्क मागा. माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मित्रहो, आपला जिल्हा कापसाचा, म्हणून जिनिंगचंच उदाहरण घेऊ. गोदाम रिकामं आहे, पण काटाघरात जुन्या पावत्यांचे गठ्ठे छताला टेकलेत. काट्यावरच्या माणसाला बसायला जागा नाही, त्यामुळे वजन बंद आणि गाड्यांची रांग रस्त्यावर. आता गोदाम दुप्पट केलं तर रांग हलेल का?

बॉक्समध्ये नेमकं हेच होतं. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम एका छोट्या, वेगळ्या पार्टिशनवर असते. जुन्या सिनॉलॉजी बॉक्सवर ते जेमतेम 2.4 जीबीचं असायचं. शिवाय त्याची तीच प्रत प्रत्येक डिस्कवर ठेवलेली असते. म्हणजे नवी डिस्क टाकली तर प्रत एक वाढते, जागा नाही. आणि सिनेमे तर डेटाच्या पार्टिशनवर असतात, ते बिचारे फुकट मरतात.

मग काटाघरात भरतं काय? वाढत जाणाऱ्या लॉग फाइल्स, अर्धवट राहिलेले अपडेट, तात्पुरत्या फाइल्स. आणखी एक छुपा चोर आहे. बॅकअपची यूएसबी डिस्क कुणीतरी काढून नेतो, पण स्क्रिप्ट त्याच नावाच्या फोल्डरमध्ये लिहीतच राहते. डिस्क नसली की तो फोल्डर सिस्टीम पार्टिशनवरचाच असतो! एका रात्रीत सगळं तुडुंब.

इलाज सोपा आहे, पण क्रमाने करायचा. आधी प्रोजेक्टची एक प्रत बाहेर काढा. मग 'डीएफ' कमांडने कुठलं पार्टिशन भरलं ते बघा. 'डीयू' त्याच पार्टिशनपुरती चालवून कुठला फोल्डर फुगलाय ते शोधा. त्यानंतरच हात लावा. ज्या फाइलचं नाव कळत नाही ती उडवू नका. चालू प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली लॉग फाइल डिलीट केली तरी जागा परत मिळत नाही. ती फाइल आतून रिकामी करा, किंवा तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा.

हे दुखणं फक्त आपल्याच नशिबी आलंय असं समजू नका. जानेवारी 2004 मध्ये नासाची 'स्पिरिट' गाडी मंगळावर उतरली आणि तीन आठवड्यांच्या आत गप्प झाली. पुन्हा पुन्हा रीबूट होत राहिली. कारण काय, तर फ्लॅश मेमरीत साचलेल्या ढीगभर फाइल्स, त्यातल्या कित्येक प्रवासातच जमलेल्या. तिथे नवी डिस्क कोण नेऊन देणार? अभियंत्यांनी फ्लॅशला हात न लावता गाडी सुरू केली, कारण शोधलं, नको त्या फाइल्स काढल्या आणि शेवटी फ्लॅश फॉरमॅट केली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी 2010 पर्यंत बोलत राहिली.

आपला बॉक्स तर वॉर्डनच्या खोलीशेजारी आहे! तेव्हा तीन गोष्टी व्हाव्यात. अ‍ॅडमिन पासवर्ड पास होऊन गेलेल्या एकाच सिनियरच्या डोक्यात न राहता स्टाफकडे सीलबंद असावा. मेस कमिटीसारखी स्टोरेजचीही पाळी असावी, आणि दर महिन्याला 'डीएफ'चा आकडा वहीत लिहिला जावा. आणि लॅबमध्ये पहिल्याच वर्षी हे शिकवावं. परीक्षेत फाइल सिस्टीमवर सात मार्कांचं उत्तर खरडणारे आपण, भरलेल्या बॉक्ससमोर मात्र हातावर हात धरून बसतो, हे काही बरं नाही.

नवी डिस्क मागणं सोपं आहे, कारण पैसे दुसऱ्याचे असतात. काटाघर झाडायला मात्र स्वतःलाच उठावं लागतं. निदान यंदाच्या सबमिशनआधी तरी उठू या!