ट्विट नको, करार वाचा

शेअर बाजारात थोडेफार पैसे घालणाऱ्या, आज ना उद्या घराच्या कागदांवर सही करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. बडा माणूस काय बोलतो यावर जाऊ नका. त्याने सही कशावर केली आहे ते बघा.

एलॉन मस्क यांचं ट्विटर प्रकरण आठवा. 25 एप्रिल 2022 रोजी शेअरमागे 54.20 डॉलर, म्हणजे एकूण सुमारे 44 अब्ज डॉलर देऊन कंपनी घेण्याचा करार झाला. आधी कंपनीची आतून तपासणी करू द्या, ही अटही मस्क यांनी ठेवली नाही. तीन आठवडे होतात न होतात तोच, 13 मेला, बनावट खात्यांचं कारण देऊन सौदा तूर्त थांबवल्याचं ट्विट त्यांनी केलं. 8 जुलैला तर करार संपवल्याचं पत्रच धाडलं. भाव 33 डॉलरच्या आसपास उतरला. त्या भीतीत ज्यांनी शेअर विकले, त्यांनी प्रत्येक शेअरमागे वीसेक डॉलरवर पाणी सोडलं.

करार मात्र सर्वांसाठी खुला होता. अमेरिकेच्या बाजार नियामकाकडे तो दाखल झाला होता. एक अब्ज डॉलर भरले की मस्क मोकळे, असं पुष्कळांना वाटत होतं. पण ती रक्कम ठरावीक प्रसंगांसाठी होती, मन बदललं म्हणून नव्हे. उलट, बँकांच्या कर्जाची सोय कायम असेल तर मस्क यांना व्यवहार पुरा करायला लावा, असं कोर्टाकडे मागण्याचा हक्क ट्विटरने लिहून घेतला होता. त्याच बळावर कंपनी 12 जुलैला डेलावेअरच्या चॅन्सरी कोर्टात गेली. मस्क यांना पुढच्या वर्षीची तारीख हवी होती. न्यायाधीश कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी ऑक्टोबरची दिली. सुनावणी तोंडावर आल्यावर मस्क मूळ भावालाच तयार झाले. कोर्टाने 28 ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली, आणि 27 तारखेला त्यांनी कंपनी ताब्यात घेतली. निकालाची वेळच आली नाही.

दर वेळी पूर्ण रक्कम पदरात पडते असं मात्र समजू नका. 2020 मध्ये एलव्हीएमएच कंपनीने टिफनीच्या खरेदीतून अंग काढायचा प्रयत्न केला, तेव्हा तोडगा निघाला तो शेअरमागे 135 ऐवजी 131.50 डॉलरवर.

आपल्याकडेही जाहीर केलेली खुली ऑफर सहजासहजी मागे घेता येत नाही. निरमा इंडस्ट्रीजने श्री रामा मल्टी-टेकच्या भागधारकांना दिलेली ऑफर, त्या कंपनीतले गैरव्यवहार नंतर कळले म्हणून, मागे घेऊ पाहिली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. चौकशी आधी करायची असते, हाच त्याचा मथितार्थ.

घराच्या साठेखतालाही हेच लागू आहे. ‘फार तर बयाणा जाईल’ या भरवशावर सही करू नका. 2018 च्या कायदादुरुस्तीनंतर, ठरलेला व्यवहार पुरा करून द्या असा आदेश देणं हा कोर्टासाठी अपवाद उरलेला नाही. मात्र तो मागणाऱ्याला, आपण आपली बाजू पाळायला सदैव तयार होतो, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून पैसे दिल्याच्या पावत्या आणि पत्रव्यवहार जपून ठेवा.

तेव्हा एवढं करा. शेअर विकण्याआधी कंपनीने शेअर बाजाराला काय कळवलं आहे ते वाचा. कोणत्याही करारात ‘व्यवहार मोडला तर’ हे कलम सर्वांत आधी शोधा. समजलं नाही तर वकिलाला दाखवा, आणि तेही सही करण्यापूर्वी. सही झाल्यावर वकील लागतो तो सल्ल्यासाठी नव्हे, खटल्यासाठी.