मनासाठी दोन आठवडे

एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाली म्हणजे मुलगा किंवा मुलगी लगेच डॉक्टर झाली, असे घरचे समजतात. खरे डॉक्टरपण अंगी लागते ते पुढच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग, कॅज्युअल्टी असे फिरत फिरत हे वर्ष जाते. त्यात मानसोपचार विभाग पूर्वी ऐच्छिक होता. हौस असेल त्याने यावे. २०२१ च्या नियमांत तो सक्तीचा आहे. सक्ती किती दिवसांची? दोन आठवड्यांची.

मी वैद्यकीय महाविद्यालयात हाच विषय शिकवतो. हे दोन आठवडे बहुतेक मुलांचे कसे जातात हे रोज पाहतो. बाह्यरुग्ण विभागात मागच्या बाकावर बसायचे आणि मांडीवर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे प्रश्नसंच सोडवायचे. ‘आरामाचे पोस्टिंग’ अशी आमच्या विभागाची ख्याती आहे! मुलांना दोष देऊन भागणार नाही. त्या परीक्षेत थोडक्या गुणांनी क्रमांक कुठल्या कुठे जातो, आणि इंटर्नने काही काम करावे अशी अपेक्षाही आम्ही कधी नीट सांगितलेली नसते.

पण हीच मुले वर्षभरात बंधपत्राच्या सेवेसाठी तालुक्याच्या गावी जातात. तिथे रात्री दहा वाजता बैलगाडीतून नाही तर जीपमधून कीटकनाशक प्यायलेला माणूस येतो. ॲट्रोपीनचा डोस मुलांना तोंडपाठ असतो. पोट धुतले जाते, एमएलसीचा कागद भरला जातो, पोलिसांना वर्दी जाते, आणि माणूस वाचला तर चार-सहा दिवसांनी घरी जातो. ‘अजूनही मरावेसे वाटते का?’ हा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारत नाही. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती शिकलेल्या डॉक्टरांनाही असते. ती निराधार आहे. विचारल्याने उलट बोलायला वाट मिळते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरतो आणि त्याच्यावर उपचार करणे, त्याचे पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरवतो. तोच कायदा सरकारी रुग्णालयांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसोपचाराचे प्राथमिक शिक्षण द्या, असेही सांगतो.

दुसरे उदाहरण अस्थिरोग वॉर्डातले. पाय मोडून दाखल झालेला, रोज पिणारा गृहस्थ. दोन दिवस शांत असतो. तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, चादरीवर किडे दिसतात, मेलेली आई दारात उभी दिसते. बायको म्हणते, ‘बाहेरचे काहीतरी लागले.’ वॉर्डबॉय हातपाय बांधतो. हा दारू अचानक तुटल्याने होणारा वातभ्रम असतो आणि उपचार न झाल्यास त्याने माणूस दगावू शकतो. थायमीन आणि योग्य शामक वेळेवर मिळाले तर बहुतेक जण सावरतात. पण त्या रात्री वॉर्डात बोलावतात कोणाला? इंटर्नला.

आणि भाषेचे काय? पुस्तकात ‘डिप्रेशन’ असते. आमच्या खोलीत येणारी बाई म्हणते, ‘जिवाला करमत नाही, डोक्यात मुंग्या येतात, भाकरी थापताना हात चालत नाही.’ तिच्या डोक्याचा फोटो काढला जातो, ताकदीची सुई दिली जाते, पैसे जातात. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली, तेव्हा दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला, आणि आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचारांबाहेर होते. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ नजीकच्या काळात तयार होणार नाहीत. म्हणजे काम पडणार ते साध्या एमबीबीएसवर.

दोनाचे चार आठवडे करा, अशी मागणी आमच्यातले काही जण करतात. माझा विरोध नाही. पण मागच्या बाकावरचे चार आठवडे म्हणजे दुप्पट प्रश्नसंच. त्यापेक्षा प्रत्येक इंटर्नला एक रुग्ण पहिल्या दिवसापासून द्यावा. त्याची हकिगत त्याच्याच शब्दांत मराठीत लिहून घ्यावी, नातेवाइकांशी बोलावे, विष घेतलेल्या निदान एका माणसाशी आमच्या देखरेखीखाली संवाद करावा. हे झाल्याखेरीज लॉगबुकावर सही नाही. नवे यंत्र नको, इमारत नको. आम्हा शिक्षकांचा थोडा वेळ मात्र लागेल, आणि अडते ते तिथेच, हे जाता जाता कबूल करायला हवे.

वाचकांकडेही एक मागणे आहे. मोठ्या रुग्णालयात एखादा कोवळा डॉक्टर वही घेऊन बसला आणि झोप, जेवण, घरातली भांडणे विचारू लागला, की नातेवाईक वैतागतात. ‘मोठ्या डॉक्टरांना बोलवा’ म्हणतात. बोलवा जरूर, पण त्यालाही सगळे नीट सांगा, अर्धा तास लागला तरी. पुढच्या वर्षी तो एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला एकटाच असेल.