दत्तक श्वानासाठी अर्ज लिहिताना

मुंबईच्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’सारख्या संस्था निराधार कुत्री दत्तक देतात. अशा संस्थेकडे अर्ज करताना ‘आम्हाला प्राण्यांचा फार लळा आहे’ एवढेच लिहून भागत नाही. संस्थेला आपल्या घराची खरी माहिती हवी असते.

घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती जोडावी. घरात कोणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे का, मुले किती वर्षांची आहेत, हे लपवू नये. कुत्रा दिवसा किती तास एकटा राहील, दिवाळीत सारे गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळील, हेही लिहावे. आपल्या देवपुरात मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. तेव्हा त्याच्या सावलीची व पाण्याची सोय सांगावी. रेबीजची लस वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून द्यावयाची असते व पुढे ती नियमित घ्यावी लागते. ती जबाबदारी घरातील कोण घेणार, त्याचे नाव नोंदवावे.

अडचण मोकळेपणाने सांगितल्यास संस्थेला त्या घराला साजेसा कुत्रा सुचविता येतो. लपविलेली अडचण मात्र पुढे उघड होतेच, आणि एकदा टाकलेला तो जीव दुसऱ्यांदा बेघर होतो.