उताराला नंबर नको

फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या सायकल ग्रुपमधल्या एका मुलाला बघायला मी हॉस्पिटलमध्ये गेले. वय २४. डावं कॉलरबोन मोडलेलं, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटलेली. आई उशाशी बसून मोसंबी सोलत होती. ‘कसा आहेस रे?’ विचारलं, तर त्याने उजव्या हाताने मोबाइल पुढे केला. ‘काकू, बघा ना, पहिला आलो.’

बोपदेव घाटाच्या उतारावर तो पहिला आला होता. रस्त्याचा ठरावीक तुकडा ॲपमध्ये आखून ठेवलेला असतो. सायकलवाले त्याला सेगमेंट म्हणतात. त्या तुकड्यावरून जो जाईल त्याची वेळ आपोआप मोजली जाते आणि यादीत लागते. हा सेगमेंट जिथे संपतो तिथून चाळीसएक पावलांवर वळण आहे. त्या दिवशी वळणात खडी पसरलेली होती. तो पडला तो तिथे, म्हणजे वेळ मोजून झाल्यावर. मित्रांनी त्याला टेम्पोत चढवलं तेव्हा त्याने आधी राइड सेव्ह करायला सांगितली. दुपारपर्यंत त्या राइडखाली ३१ जणांचे अंगठे होते. त्यातला एक माझा. मी त्या दिवशी गेले नव्हते. घरी चहा पिताना यादी पाहिली, त्याचं नाव वर दिसलं, कौतुक वाटलं आणि अंगठा दिला. तो पडलाय हे मला तासाभराने कळलं. तो अंगठा मी नंतर काढून घेतला, पण मनातून जात नाही.

मी ५३ वर्षांची आहे, विमा कार्यालयात नोकरी करते. नऊ वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली तेव्हा सायकल घेतली. येवलेवाडीकडून बोपदेव पहिल्यांदा पाय न टेकता चढले, त्या दिवसाची नोंद माझ्या ॲपमध्ये आहे आणि ती मला दागिन्यासारखी वाटते. म्हणून ॲप फेकून द्या असं मी म्हणणार नाही. नोंदवही हवीच. किती चाललो, कुठे दम लागला, पावसाळ्यात किती रविवार बुडाले, हे कळलं पाहिजे. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्मभर सायकलने गेले. किती मिनिटांत पोचलास, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. भोंग्याच्या आत पोचलं की झालं. मी त्यांची मुलगी असून माझा रविवार चार सेकंदांपायी खराब होऊ लागला, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आणि ती सेकंदं तरी खरी कुठे असतात? जीपीएसचा ठिपका काही मीटर इकडेतिकडे पडतो. घाटाच्या वळणात, झाडाखाली, कड्याशेजारी आणखी सरकतो. दोन मिनिटांच्या सेगमेंटमध्ये एवढ्याने नंबर बदलतात. आमच्या चढाच्या यादीत वर्षभर पहिला असलेल्या माणसाचा सरासरी वेग ताशी ३८ किलोमीटर होता. बोपदेवच्या चढाला! तो वेग स्कूटरचा आहे. बायकांच्या यादीत दोन पुरुष आणि एक बॅटरीवरची सायकल होती. आम्ही चौघीजणींनी तक्रारी केल्या, काही नोंदी गेल्या, महिन्याभरात तशाच नव्या आल्या. माझी मैत्रीण सुनेचं बाळंतपण आटोपून पाच महिन्यांनी घाटात आली, जीव तोडून चढली, आणि आपण तिसरीवरून सहावीवर गेलो म्हणून वर कठड्याशी बसून रडली. तिच्या पुढे गेलेल्या तिघांपैकी एकही बाई पॅडल मारणारी नव्हती.

बायकांच्या बाबतीत आणखी एक सांगायला हवं. यादीत नाव यावं म्हणून मी माझी राइड सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. खासगी ठेवली तर नंबर लागत नाही. एकदा घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी एक अनोळखी गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, आज उशीर? रोज तर पाच पन्नासला निघता.’ ते सभ्यपणेच बोलले असतील. माझ्या हातातला कप मात्र हलला. माझी वेळ, माझी गल्ली, मी एकटी असते ते वार, हे सगळं मी स्वतःच टांगून ठेवलं होतं, एका नंबरासाठी. त्या दिवसापासून माझी राइड फक्त मलाच दिसते.

उताराचं दुखणं या सगळ्याहून वेगळं आहे. चढावर चूक झाली तर फार तर छाती भरून येते, सायकल हातात धरून चालावं लागतं. उतारावर वेळ वाचवायची म्हणजे ब्रेक दाबायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. बोपदेवचा रस्ता काही शर्यतीसाठी बंद केलेला नसतो. सकाळी दुधाचे टेम्पो असतात, सासवडकडून भाजी येते, अंजिराच्या दिवसांत रस्त्याकडेला पाट्या घेऊन माणसं बसतात, कुत्री आडवी जातात. त्यातल्या कुणालाही ठाऊक नसतं की इथे कुणाची तरी वेळ मोजली जाते आहे.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत जून २०१० मध्ये ४१ वर्षांचा एक सायकलस्वार टेकडीच्या उतारावर मोटारीवर आदळून मरण पावला. स्ट्राव्हा ॲपवरचा त्याचा विक्रम दुसऱ्याने मोडला होता आणि तो परत मिळवायला तो निघाला होता, असं घरच्यांचं म्हणणं. २०१२ मध्ये त्यांनी कंपनीवर दावा केला. २०१३ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. सायकलिंगमधला धोका स्वाराने स्वतः पत्करलेला असतो, असा तो निकाल. कायद्याने तसं असेलही. पण मग उरलेली जबाबदारी आपल्याकडे येते, अंगठे देणाऱ्यांकडे आणि ग्रुप चालवणाऱ्यांकडे.

त्या फेब्रुवारीनंतर मी ॲपला कळवलं की हा उतार धोक्याचा आहे. यादी दिसेनाशी झाली, मला बरं वाटलं. तीन आठवड्यांत तोच उतार दुसऱ्या नावाने, पन्नास मीटर खाली सरकवून, पुन्हा हजर! तो आखणारा आमच्याच ग्रुपमधला होता. मी त्याला फोन केला. ‘ताई, ज्याला सावकाश जायचंय त्याने जावं की,’ तो म्हणाला. मला हे उत्तर मान्य नाही. सावकाश उतरणाऱ्याच्या अंगावरूनच वेगवाला जातो, आणि टेम्पोवाल्याला तर निवडच नसते.

ईर्षा नको असं माझं म्हणणं नाही. लांब पल्ल्याच्या बीआरएम राइडमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. कार्डावर ठिकठिकाणी नोंद घ्यायची. निकालात पहिला-दुसरा असा नंबर नसतो. फार लवकर पोचलात तर केंद्र उघडायची वाट बघत थांबायचं. मी २०० ची एक केली आहे, १३ तास १० मिनिटांत. शेवटच्या ३० किलोमीटरना समोरून वारा होता, मांड्या पेटल्या होत्या, आणि एक अनोळखी मुलगा मला वाऱ्याच्या आड घेऊन पुढे चालत राहिला. त्याला घाई नव्हती, कारण लवकर पोचून त्याला काही मिळणार नव्हतं. माझ्याहून चार तास आधी आलेल्यांच्या यादीतच माझंही नाव आहे. तिथे कुणी आळशी झाल्याचं मी पाहिलं नाही.

आमच्या ग्रुपमध्ये दर महिन्याला किलोमीटरचं चॅलेंज असतं, सर्वांत जास्त करणाऱ्याला टी-शर्ट. महिन्याच्या शेवटच्या रात्री माणसं सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरून आकडा पुरा करतात. येत्या रविवारी या चॅलेंजचे नियम ठरवायला आम्ही सगळे जमणार आहोत. मी दोन गोष्टी मांडणार आहे. घाटाच्या उताराची आणि शहरातल्या सिग्नल असलेल्या रस्त्याची वेळ ग्रुपवर टाकायची नाही. टाकली तर कुणी अंगठा द्यायचा नाही. आणि आपल्या माणसांनी आखलेले उताराचे सगळे सेगमेंट त्यांनी स्वतः पुसून टाकायचे. तो मुलगाही येणार आहे. त्याचा हात आता खांद्याच्या वर जातो. उताराची यादी तो मला अजून दाखवतो, पण हल्ली त्याची आई समोर असली की मोबाइल खिशात ठेवतो. बैठकीला मी तिलाही बोलावलं आहे.