तांडेल, जागा आहेस ना?

हिंजवडी, ऐरोली, मगरपट्टा... कुठल्याही आयटी पार्कच्या कँटीनमध्ये दहा मिनिटं कान देऊन बसा. "रात्रभर माझे पॉड मरत होते यार!" "मग किल कर ना, नवीन येतील." बाहेरच्याला वाटावं, ही मंडळी सुपारी घेतात की काय! पण घाबरू नका. ही सगळी कुबरनेटिसची कृपा.

नाव ग्रीक आहे. अर्थ, जहाजाचं सुकाणू धरणारा. कोळीवाड्याच्या भाषेत तांडेल म्हणा हवं तर. नाव जीभ वळवणारं, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधल्या के आणि एसच्या मधली आठ अक्षरं गिळून त्याचं 'के-एट-एस' झालं. गूगलच्या आत बोर्ग नावाची सिस्टीम वर्षानुवर्षं राबत होती. तिच्या अनुभवावर बेतलेलं हे सॉफ्टवेअर गूगलने २०१४ मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं.

आता तांडेल म्हटलं की जहाज आलं, आणि जहाजावर डबे. न्हावाशेवाला रचलेले रंगीबेरंगी लोखंडी कंटेनर पाहिलेत ना? २६ एप्रिल १९५६ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज असे ५८ डबे घेऊन अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं आणि मालवाहतुकीचा फंडाच बदलला. आत केळी आहेत की टीव्ही, क्रेनला घेणंदेणं नाही. सॉफ्टवेअरचा कंटेनर असाच. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात. २०१३ मध्ये डॉकर आलं, डबे भरणं सोपं झालं आणि "माझ्या मशीनवर तर चालतंय!" हे अजरामर वाक्य जरा कमी ऐकू यायला लागलं.

पण डबे हजार झाले की सांभाळायचे कोणी? इथे तांडेल कामाला येतो. गंमत अशी, की त्याला 'काय कर' हे सांगायचं नसतं. 'काय असायला हवं' एवढंच सांगायचं. लॉगिनच्या दहा प्रती चालू हव्यात, बस्स. एक मेली की तो दुसरी उभी करतो. पंगतीतला मुरलेला वाढपी पानातला भात संपलेला पाहून न विचारता वाढतो ना, तसं. गर्दी वाढतेय का, हे तो साधारण दर १५ सेकंदांनी बघतो आणि प्रती वाढवतो.

हे सगळं किती ताणलं जाऊ शकतं? जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आलं ते गूगलच्या याच सोयीवर. आखणी करताना एक पट ट्रॅफिक धरलं होतं, वाईटात वाईट पाच पट. प्रत्यक्षात आलं पन्नास पट! ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये गेम सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच अंदाज मोडीत निघाला. गेम अडखळला, लोकांनी शिव्या घातल्या, पण इंजिनीअरांनी मशीनमागून मशीन जोडत तो उभा ठेवला.

म्हणजे सगळं आपोआप? तिथेच तर गोची आहे. नवा डबा सेकंदांत उभा राहतो, पण तो ठेवायला रिकामी मशीनच नसेल तर ती यायला मिनिटं लागतात. आणि मॅचच्या शेवटच्या षटकांत मिनिटं कोणाकडे असतात? २०१९च्या वर्ल्ड कपची न्यूझीलंडविरुद्धची सेमीफायनल आठवा (सॉरी, जखम उघडतेय). हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक होते. तयार ऑटोस्केलिंगच्या भरवशावर न राहता तिथले इंजिनीअर गर्दीच्या आधीच मशीन वाढवून ठेवत. त्यांची खरी धास्ती लोक येण्याची नव्हती, जाण्याची होती. धोनी रनआउट झाला की लाखो लोक एकदम बॅक बटण दाबतात आणि सगळा लोंढा होमपेजवर जाऊन आदळतो. क्रिकेट कळल्याशिवाय हे गणित सुटत नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरला गप्टिलचा थ्रो आधी दिसत नाही.

माझी रूममेट (नाव नको, तिचा मॅनेजर हे पान वाचतो) एका छोट्या कंपनीत हेच काम करते. कंपनी ऑफिसांना पगाराच्या स्लिपा काढून देते. एरवी दिवसाला काहीशे लोक, आणि त्यासाठी वीस-बावीस सर्व्हिसेसचा कुबरनेटिस! एका बऱ्या सर्व्हरवर भागलं असतं. पण रेझ्युमेवर ते शोभत नाही ना.

झालं काय, एका प्रोग्रॅमची मेमरी गळत होती. पॉड मरायचा, तांडेल गुपचूप नवा उभा करायचा. आठवडेच्या आठवडे. ग्राहकाला कळेना आणि रिस्टार्टचा आकडा बघायची सवड कोणाला नव्हती. मग महिनाअखेरीस सगळ्यांनी एकदम स्लिपा काढल्या आणि सगळे पॉड एका दमात झोपले. अशा वेळी तो दहा सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो, मग वीस, मग चाळीस, असं करत पाच मिनिटांपर्यंत. त्यापुढे माणूस लागतो. पहाटे पावणेतीनला वाजला तो हिचा फोन. सकाळी साडेनऊच्या मीटिंगमध्ये प्रश्न काय? "हे ऑटोमॅटिक आहे ना, मग तुला उठावं का लागलं?"

मला राग येतो तो याचा. कॉल सेंटरच्या जमान्यात नाइट शिफ्टवाल्यांना निदान घरपोच कॅब आणि अलाउन्स असायचा. इथे नाइट शिफ्टचं नाव 'ऑन-कॉल' झालं आणि अलाउन्स गायब. महिन्यातला एक आठवडा लॅपटॉप उशाशी, सिनेमाला गेलो तरी मांडीवर. ब्रेकअपचं कारण पॉड होता असं ती हसत सांगते, पण मला ते सगळंच विनोदी वाटत नाही.

आता तिने एचआरला मेल टाकलाय. रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि रिस्टार्टचा आकडा दर सोमवारी सगळ्यांसमोर. दुसरी मागणी मान्य झाली आहे, पहिली 'विचाराधीन'. दरम्यान तिची पुढची पाळी नेमकी गणपतीच्या आठवड्यात आलीये. कुणी स्वॅप करणार असेल तर सांगा. उकडीच्या मोदकांची जबाबदारी माझी.