विश्लेषण : संगणकावर मराठी अक्षरे धूसर का दिसतात?

मोबाइलवर ठसठशीत दिसणारा मराठी मजकूर कार्यालयातील संगणकावर अनेकदा फिकट, धूसर दिसतो. ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’ हे चटकन कळत नाही. सातबाऱ्यावरील नाव तपासताना अशी गफलत महागात पडू शकते. दर वेळी दोष डोळ्यांचाच असतो असे नाही. तो पडद्याचा किंवा सेटिंगचाही असू शकतो.

फरक कशामुळे?

पडद्यावरील अक्षर पिक्सेल या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते. साडेसहा इंची मोबाइलच्या १०८० बाय २४०० पिक्सेलच्या पडद्यावर एका इंचात सुमारे ४०० ठिपके असतात. १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या लॅपटॉपवर ते जेमतेम १०० भरतात. त्यातच देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार यांनाही जागा लागते. साहजिकच मूळ अक्षराच्या वाट्याला कमी ठिपके येतात.

क्लिअरटाइप म्हणजे काय?

एलसीडी पडद्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये सहसा लाल, हिरवा आणि निळा असे तीन उभे भाग असतात. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप तंत्र हे भाग स्वतंत्रपणे वापरून अक्षरांच्या कडा नितळ करते. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ते आले; व्हिस्टापासून आपोआप सुरू असते. दाट ठिपक्यांच्या पडद्यांवर अशा तंत्राची गरज कमी होते. अॅपलने २०१८ च्या मॅकओएस मोहावीमध्ये ही पद्धत मूळ सेटिंगमधून वगळली, तेव्हा साध्या मॉनिटरवरील अक्षरे फिकट दिसू लागली.

फॉन्टची भूमिका काय?

सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० सोबत आला. विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ आला. विंडोज १० मध्ये ‘मंगल’ गरजेनुसार वेगळा घ्यावा लागतो. तो नसल्यास जुन्या फाइलमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उमटतो आणि ओळींची मांडणी बदलू शकते.

उपाय काय?

प्रथम डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘रेकमेंडेड’ लिहिलेले रिझोल्युशन निवडावे; अन्य रिझोल्युशनवर अक्षरे पसरट, धूसर दिसतात. अक्षरे बारीक वाटल्यास रिझोल्युशन न घटवता ‘स्केल’ वाढवावे. विंडोज ११ मध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’मधून केवळ मजकूर २२५ टक्क्यांपर्यंत मोठा करता येतो. त्यानंतर स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ शोधून समोर येणाऱ्या नमुन्यांतून सर्वांत स्पष्ट नमुना निवडावा. यासाठी नवा मॉनिटर किंवा पैसे लागत नाहीत.