लॅपटॉप घ्या, पण आधी उजेडात बघा

गेल्या धानाच्या हंगामात बल्लारशाच्या गाडीने अर्जुनी-मोरगावला मोठ्या बहिणीकडे गेले होते. पाणी प्यायच्या आतच आपाने विषय काढला, "आता तूच हिला समजाव. चार पैसे मिळतात खरे, पण पोरीचे डोळे जातील."

'ही' म्हणजे माझी भाची. बी.कॉम. झाल्यापासून ती घरी बसून दोन राईस मिलचे आणि चार-पाच दुकानदारांचे हिशोब लिहिते. धानाचं वजन, बारदाना, मजुरी, जीएसटीची बिलं, सगळं लॅपटॉपवर. तिच्या कमाईतून धाकट्या भावाची फी भरली जाते. पण दोन महिन्यांपासून दुपार कलली की ती डोकं धरून बसायची. त्यात एकदा ३३ क्विंटलच्या जागी ३८ क्विंटल टाइप झालं. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे एका आकड्यात ११,८४५ रुपयांचा फरक! मिलच्या मुनीमजींनी चूक वेळेत पकडली म्हणून निभावलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, तर चष्म्याचा नंबर होता तेवढाच. तरी आपा आणि दूल्हेभाईंनी ठरवून टाकलं होतं, हंगाम संपला की हे काम बंद.

मी सहज तिच्या खुर्चीवर बसून पाहिलं. लॅपटॉप सुरू होता, पण मला दिसली माझीच ओढणी, पाठीमागचं उघडं दार आणि अंगणातल्या दोरीवरचे कपडे. आकडे त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी होते. भाची म्हणाली, "खाला, मी मान वाकडी करून वाचते. सवय झाली."

म्हणजे दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता. स्क्रीन आरशासारखी चकचकीत होती आणि बसायची जागा ओसरीत, दाराकडे पाठ करून. लॅपटॉप घेताना घरच्यांनी प्रोसेसर पाहिला, मेमरी पाहिली, किंमत पाहिली. स्क्रीनबद्दल एकच शेरा होता, "किती छान चमकते!" ती चमकच नडली.

आपल्या स्वयंपाकघरातलंच उदाहरण घ्या. नव्या स्टीलच्या परातीत तोंड दिसतं, वापरून जुन्या झालेल्या जर्मनच्या पातेल्यात दिसत नाही. उजेड दोन्हीवर सारखाच पडतो, पण पातेल्याचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने तो चारी दिशांना विखुरला जातो. अँटी-ग्लेअर किंवा मॅट स्क्रीनवर असाच अगदी बारीक खरखरीत थर असतो. प्रतिबिंब पूर्ण जात नाही, पण दाराची चौकट आणि ट्यूबलाइटची रेघ पुसट होते आणि अक्षर वर येतं. सिनेमा किंवा फोटो चकचकीत स्क्रीनवर जास्त खुलतात हे खरं. पण दिवसभर आकडे भरणाऱ्याला मॅटच हवी.

नुसती मॅट असूनही भागत नाही, स्क्रीनला स्वतःचा उजेडही हवा. तो 'निट्स'मध्ये मोजतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा २५० निट्सच्या आसपास असतो. बंद खोलीत तेवढा चालतो. ओसरीत किंवा खिडकीजवळ काम असेल तर निदान ३००, आणि शटर उघडं ठेवून रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानात ४०० असलेला बरा. भर उन्हात मात्र तोही कमीच पडतो. तिसरी गोष्ट पॅनेलची. 'आयपीएस' असेल तर बाजूने पाहिलं तरी आकडे नीट दिसतात. 'टीएन' प्रकारात स्क्रीन जरा कलली की रंग उडाल्यासारखे होतात.

दुकानात गेल्यावर काय करायचं? दाखवण्यासाठी लावलेल्या रंगीत व्हिडिओवर जाऊ नका. आधी लॅपटॉप बंदच ठेवून स्क्रीन ट्यूबलाइटकडे करा. ट्यूब आरशात दिसावी तशी स्पष्ट दिसली तर ती चकचकीत आहे. मग सुरू करून एक्सेलचं पांढरं पान उघडा, बारीक अक्षरात आकडे टाका आणि परवानगी घेऊन लॅपटॉप दुकानाच्या दाराशी न्या. ३ आणि ८ पटकन ओळखू आले पाहिजेत. आणि हे, ज्याला रोज वापरायचा आहे त्यानेच बघायचं. भाचीचा लॅपटॉप घ्यायला दूल्हेभाई एकटेच गेले होते.

माहितीपत्रकात 'अँटी-ग्लेअर' किंवा 'मॅट' हे शब्द शोधा. 'ग्लॉसी', 'ब्राइट-व्ह्यू', 'ट्रू-लाइफ' म्हणजे चकचकीत. टचस्क्रीनही बहुतेक चकचकीतच असते. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या स्क्रीन येतात, म्हणून पूर्ण मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या.

कामकाजासाठी काढलेल्या मालिकांमध्ये, म्हणजे लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड (आता नव्यांना 'डेल प्रो' म्हणतात), एचपीची प्रोबुक आणि एलिटबुक, यांत मॅट स्क्रीन सहसा मिळते. कीबोर्ड टिकाऊ असतो आणि दुरुस्तीही सोपी. नवे महाग वाटले तर कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून विकले जाणारे मिळतात. त्यात बॅटरी किती तास चालते ते पाहा आणि स्क्रीन बदलली आहे का ते विचारा, कारण बदललेली स्क्रीन कमी उजेडाची असू शकते. वॉरंटीत माणूस घरी येतो का, आणि आपल्या गावच्या पिनकोडवर येतो का, हेही आधीच विचारा. देवरी-सालेकसाकडच्यांना दर वेळी लॅपटॉप घेऊन गोंदिया गाठणं परवडत नाही.

दुकानाच्या नावाने घेत असाल तर बिलावर आपला जीएसटी नंबर टाकायला सांगा. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे आणि नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. 'बिनव्याजी हप्ता' ऐकून लगेच हो म्हणू नका. बऱ्याचदा व्याज किमतीतच धरलेलं असतं, किंवा ते लावून तेवढी सूट दिलेली असते. व्याजापासून दूर राहणाऱ्या घरांनी रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी-शेजारी लिहून घ्यावी, म्हणजे खरं काय ते दिसतं.

चकचकीत लॅपटॉप आधीच घेतला असेल तर? आम्ही त्याच दुपारी भाचीचं टेबल फिरवलं. उजेड समोरूनही नको, पाठीमागूनही नको, बाजूने यावा. गोंदियाहून स्क्रीनच्या मापाची मॅट फिल्म मागवून लावली, काही शे रुपयांत काम झालं. पांढरा रंग किंचित दाणेदार दिसतो, पण प्रतिबिंब गेलं. दिवे गेले की स्क्रीन आपोआप मंद व्हायची. बॅटरीवर चालताना उजेड कमी करणारं सेटिंग तेवढं बंद केलं. पुसायला काचेचा स्प्रे वापरायचा नाही, पाण्याने किंचित ओलसर केलेलं मऊ कापड पुरतं. आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, अंगणातल्या झाडाकडे बघायचं. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात.

रमजानच्या आधी भाचीने स्वतःच्या पैशाने मॅट स्क्रीनचा, वापरलेला पण चांगल्या स्थितीतला लॅपटॉप घेतला. या वेळी ती स्वतः गोंदियाला गेली आणि दुकानदाराला म्हणाली, "भाईजान, हा जरा दाराशी नेऊन बघते."

परवा आपाचा फोन आला. काम बंद करण्याचा विषय निघाला नाही. उलट तिने सांगितलं की तिसऱ्या राईस मिलचं काम आलंय, आणि बामची बाटली महिनाभर कुणी उघडलेली नाही.